कर्सर आपोआप पळतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

कर्सर स्वतःहून उड्या मारायला लागला की ठरलेली दोनच निदानं कानावर येतात, एकतर "व्हायरस आलाय, फॉरमॅट मार" नाहीतर "माउस गेला, नवीन घे". मला या फॉरमॅटवाल्या सल्ल्याचा खरंच राग येतो. अर्धा दिवस बॅकअप घ्या, विंडोज टाका, सगळे पासवर्ड परत भरा आणि एवढं करून कर्सर परत नाचतोच, कारण भानगड विंडोजमध्ये नव्हतीच. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मुळात स्क्रीनवर कर्सर एकच दिसत असला तरी त्याला हलवणारे बरेच जण असतात. माउस, टचपॅड, टचस्क्रीन, काही लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये मधोमध असतं ते लाल बटण, ड्रॉइंग टॅबलेट, आणि सगळ्यात छुपा म्हणजे तो जुना वायरलेस माउस जो बॅगेत चालू राहिलाय आणि ज्याचा डोंगल (यूएसबीत खोचायचा तो छोटा रिसीव्हर) अजून मागच्या पोर्टला तसाच आहे. बॅग जरा हलली की कर्सर पळतो. कॉम्प्युटर यातल्या प्रत्येकाचं ऐकतो, म्हणून आधी शोधायचं ते हलवतंय कोण. माउसची वायर काढा, असतील तेवढे डोंगल उपसा आणि बघत बसा. कर्सर तरीही पळतोय म्हणजे माउस निर्दोष, मग सेटिंगमधून टचपॅड बंद करा, टचस्क्रीन असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ती डिसेबल करा (काचेला ओलावा किंवा बारीक तडा असला की ती बोट लागल्यासारखं वागते), एकावेळी एकच गोष्ट, नाहीतर कशाने थांबला ते कळणारच नाही.

आता माउस काढल्यावर थांबला असेल तर उलटा करून त्याच्या पोटाशी बघा. ऑप्टिकल माउस म्हणजे बारीकसा कॅमेरा असतो, सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि आधीच्या फोटोशी आत्ताचा ताडून तुम्ही कुठे आणि किती सरकलात ते ठरवतो. त्या भोकात एखादा केस किंवा धाग्याचा तंतू अडकला की त्याचं गणित कोलमडतं. टॉर्च मारल्याशिवाय तो केस दिसतही नाही बऱ्याचदा. माउस बंद करून कोरड्या इअरबडने हलक्या हाताने काढा, तोंडाने फुंकर मारू नका, थुंकी उडते. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर तर फोटोत फरक कळेल असं काही नसतंच, त्यामुळे कर्सर थरथरतो. खाली एक साधा कागद ठेवून बघा, नीट चालला तर विषय संपला.

वायरलेसवाल्यांची एक वेगळीच गंमत आहे आणि ती फार कमी लोकांना माहिती असते. हे डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर बोलतात आणि यूएसबी ३.० चं पोर्ट, म्हणजे बऱ्याच मशीनवर ते आतून निळं असतं ते, डेटा पळवताना नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट करतं. चिप बनवणाऱ्या इंटेलनेच २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी लावली की कर्सर अडखळतो आणि कॉपी संपली की शहाण्यासारखा वागतो, असं होत असेल तर तेच कारण. डोंगल लांबच्या पोर्टला लावा, नाहीतर छोटी यूएसबी एक्स्टेंशन केबल घेऊन तो माउसजवळ आणा. आणि हो, सेल बदलून बघा आधी, अगदीच साधं आहे पण लोक शेवटी करतात.

लॅपटॉपचा टचपॅड फक्त चार्जिंग चालू असतानाच वेड्यासारखा करत असेल तर चार्जर काढून बघा. टचपॅड बोट टेकल्यावर विद्युत धारितेत (कपॅसिटन्समध्ये) पडणारा बारीक फरक मोजतो, आणि चार्जर हलक्या प्रतीचा असेल किंवा सॉकेटला अर्थिंग नसेल तर विजेचा गोंगाट थेट तिथे पोचतो. पण टचपॅड एका बाजूने उचललेला दिसतोय, क्लिक जड झालंय, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, असं असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका, खाली बॅटरी फुगलेली असू शकते. बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर अजिबात नको, सरळ दुरुस्तीला द्या.

कीबोर्डच्या मधोमध ते लाल बटण असेल आणि कर्सर एकाच दिशेला हळूहळू वाहत जात असेल तर काही सेकंद हात काढा, ते स्वतःला परत जुळवून घेतं.

ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर मात्र कृपा करून टाकू नका. साधा माउस सिस्टिममध्ये आधीपासून असलेल्या ड्रायव्हरवरच चालतो, त्याला वेगळं काही लागत नाही, आणि त्या सॉफ्टवेअरसोबत जे काय घुसतं ते निस्तरताना नाकी नऊ येतात.

राहिला हॅकरचा प्रश्न, कारण भीती त्याचीच असते. बिघडलेला कर्सर थरथरतो, कोपऱ्यात जाऊन अडकतो, वाटेल तिथे क्लिक होतो, त्याला काही हेतू नसतो. पण तो शांतपणे मेनूकडे जातोय, फोल्डर उघडतोय, ब्राउझरमध्ये काहीतरी टाइप होतंय असं दिसलं तर तिथे माउस तपासत बसू नका, आधी नेट तोडा, वायफाय असो की केबल. मग रिमोटने कॉम्प्युटर चालवायचं कुठलं अॅप कुणाच्या सांगण्यावरून टाकलं होतं का ते बघून काढा, आणि बँकेचे, ईमेलचे पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मशीनवरून.