अबोल म्हणजे रुसलेली नव्हे

विरुद्ध स्वभावाची जोडी टिकत नाही, असं एका लेखात वाचलं, ते पटलं नाही. मी यवतमाळकडचा शेतकरी, पारावर बसलो की उठायचं नाव नाही. बायको अबोल. लग्नात ३६ पैकी २९ गुण जुळले, बोलण्याचं कुणी पाहिलं नाही. मानसशास्त्रज्ञ युंग यांनी १९२१ च्या पुस्तकात मांडलेला अंतर्मुख-बहिर्मुख, म्हणजे आपल्यातच रमणारा आणि माणसांत रमणारा, हा भेद मला फार उशिरा कळला, तोवर ती रुसलीच आहे असं धरून चाललो. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी गेली, मी गावभर बोलत फिरलो. ती ओसरीवर किडकी बोंडं फोडून पाहत बसली. रात्री एवढंच म्हणाली, "तूर हाय ना अजून उभी." त्या एका वाक्यावर मी झोपलो. आताही ती बोलत नाही. चुलीपाशी पाट सरकवला की समजतो, बस म्हणते आहे.