सर्व्हर गेला म्हणून जुना फिफा टाकाऊ होत नाही

‘जुना फिफा अचिव्हमेंटसाठी खेळण्याच्या भानगडीत पडू नका. सर्व्हर बंद आहेत, 100 टक्के कधीच होणार नाहीत, संघ शिळे झालेत, आणि जे मिळतं ते नुसती बटणं बडवून मिळतं.’ फिफा म्हणजे ईए या कंपनीचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम, आणि अचिव्हमेंट म्हणजे त्यात ठरावीक कामगिरी केली की प्रोफाइलवर होणारी नोंद. जुन्या फिफाबद्दलचा हा सल्ला इतक्या वेळा पुढे पाठवला गेलाय, की एक्सबॉक्स 360 किंवा पीएस 3 यांसारखा जुना गेम कन्सोल नव्यानं हातात आलेली पोरं तो तपासून न बघताच मान्य करतात. मला तो पटत नाही. यातली सर्व्हरची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उदाहरणादाखल 2011 साली आलेला फिफा 12 घेऊ.

सर्व्हर केव्हाच बंद झालेत. अल्टिमेट टीम (खेळाडू जमवून स्वतःचा संघ बांधायचा प्रकार) आणि ऑनलाइन सामन्यांशी जोडलेली अचिव्हमेंट आता नव्यानं कुणालाच मिळणार नाहीत. पीएस 3 वर अचिव्हमेंटला ट्रॉफी म्हणतात, आणि सगळ्यात वरची प्लॅटिनम पडते ती बाकीच्या सगळ्या ट्रॉफी हातात आल्यावर, म्हणजे तीही गेली. ज्याला प्लॅटिनमच हवी आहे त्यानं या डिस्कवर पैसे घालू नयेत, हे मीही सांगेन. पण 360 वर तसा हिशेब नाही. तिथे प्रत्येक अचिव्हमेंटचे गुण वेगळे. 1000 पैकी जेवढे मिळवाल तेवढे तुमच्या गेमरस्कोअरमध्ये कायमचे जमा. नेट नसताना मिळवलेलं अचिव्हमेंटसुद्धा प्रोफाइलवर नोंदलं जातं आणि पुढे लॉगिन केलं की वर चढतं. डिस्क घाला, खेळा. सर्व्हरचा त्यात काही संबंध येत नाही.

सेकंडहँड डिस्कबरोबरचा ऑनलाइन पास, म्हणजे ऑनलाइन खेळण्यासाठी एकदाच चालणारा कोड, आधीच वापरलेला असतो, अशी एक भीती घातली जाते. ईएनं ती पद्धत 2013 मध्येच बंद केली, आणि तो कोड फक्त ऑनलाइनसाठी होता. जिथे ऑनलाइनच उरलं नाही तिथे कोड हवाय कशाला?

आता बटणं बडवण्याचा आरोप. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण फिफा 12 च्या बाबतीत तो उलटा आहे. याच गेममध्ये ‘टॅक्टिकल डिफेंडिंग’ आलं. त्याआधी प्रेसचं बटण दाबून धरलं की तुमचा डिफेंडर आपणहून बॉलवर झेपावायचा आणि बहुतेक वेळा तो काढूनही घ्यायचा. 12 मध्ये ते बटण धरलं तर खेळाडू समोरच्यापुढे फक्त अंतर राखून उभा राहतो. टॅकल वेगळ्या बटणावर आहे आणि त्याची वेळ तुम्हाला साधावी लागते. एका सामन्यात किमान 5 टॅकल करून त्यातले 80 टक्के यशस्वी करा, असं एक अचिव्हमेंट त्यात आहे. म्हणजे पाचातला एकच चुकलेला चालतो. घाईघाईनं पाय घातला की विंगर शेजारून निसटतो आणि टक्केवारी तिथेच घसरते. त्यापेक्षा जॉकी धरून, म्हणजे त्याच्याकडे तोंड ठेवून अंतर राखत, त्याला टचलाइनकडे ढकलत न्या, दुसऱ्या डिफेंडरला आर 1 नं (360 वर आरबीनं) मदतीला बोलवा, आणि विंगरच्या पायापासून बॉल वीतभर पुढे सरकला की मगच टॅकल करा, तेही एकदाच. हे जमायला लागलं की पुढच्या प्रत्येक फिफात तुमचा बचाव सुधारतो. नवीन माणसाला मी तर हेच अचिव्हमेंट सगळ्यात आधी घ्यायला सांगेन. तीन गोल खाऊन पहिल्या हाफमध्ये मागे पडायचं आणि तरी सामना जिंकायचा, असंही एक आहे. ते मुद्दाम गोल खाऊन उरकता येतं, हे मान्य. पण त्यानंतरचे चार गोल तुम्हालाच करावे लागतात.

संघ शिळे आहेत, ही तक्रार तर मला कळतच नाही. 2011-12 चा हंगाम आहे हा. बार्सिलोनात झावी, इनिएस्ता आणि मेस्सी एकत्र आहेत, युव्हेंटसमध्ये देल पिएरोचं शेवटचं वर्ष चालू आहे, शाल्कमध्ये राउल आहे, आणि मँचेस्टर सिटीत अग्वेरो नुकताच आलाय. नव्या गेममध्ये ही माणसं अशी एका हंगामात सापडणार नाहीत. शिवाय सप्टेंबर 2023 मध्ये ईएनं बरेचसे फिफा डिजिटल दुकानातून काढून टाकले, आणि जुलै 2024 मध्ये 360 चं स्टोअरही बंद झालं. ही जुनी डिस्क आता जपून ठेवण्यासारखी वस्तू झाली आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी एक सांगतो. एप्रिल 2014 मध्ये फक्त पीएस 3 आणि 360 साठी वर्ल्ड कपचा वेगळा गेम आला होता. पात्रता फेरीत खेळलेले 203 देश त्यात आहेत, आणि त्यात भारतही आहे. त्याच पात्रता फेरीत 2011 च्या जुलैमध्ये आपण यूएईकडून अल ऐनला 3-0 हरलो, दिल्लीत 2-2 बरोबरी केली आणि तिथेच बाहेर पडलो. मुंबई सिटी आणि एफसी गोवा हे आपले क्लब फिफा 22 मध्ये आले, पण निळी जर्सी घालून ब्राझीलपर्यंत जायचा रस्ता या जुन्या डिस्कवर आहे. तिथेही ऑनलाइनवाली अचिव्हमेंट सोडून द्या. यादी आधी वाचा, ऑफलाइन कोणती ती वेगळी काढा, आणि पहिला सामना भारत घेऊनच लावा.