टाउन हॉल शाहू महाराजांनी बांधला? आधी साल बघा

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कोल्हापूरच्या टाउन हॉल बागेबद्दलचा एकच मेसेज आठवड्यात तिघांनी टाकला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: टाउन हॉल आणि भोवतीची बाग शाहू महाराजांनी गादीवर आल्यावर करवली, ती मुळात राणीसाहेबांची कोठी होती, पुढं जनतेला दिली, आणि आतल्या म्युझियममधली ग्रीक देवाची मूर्ती इंग्रजांनी महाराजांना भेट दिली. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. अभिमान आहे, म्हणूनच पुढं पाठवला नाही.

पहिला दावा तारखेनंच पडतो. टाउन हॉलचं बांधकाम १८७२ ते १८७६ मधलं. शाहू महाराज जन्मले २६ जून १८७४ ला, कागलच्या घाटगे घराण्यात, यशवंतराव म्हणून. म्हणजे पाया खणला तेव्हा ते जन्मलेही नव्हते आणि इमारत उभी राहिली तेव्हा रांगून नुकतं चालायला लागले असतील. दत्तक आले १८८४ ला, कारभार हाती आला १८९४ ला. हॉल बांधला तेव्हा गादीवर चौथे शिवाजी महाराज होते, तेही अल्पवयीन, आणि कारभारावर इंग्रजांचा वरचष्मा होता. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदाचा. न्यू पॅलेस हा राजवाडा त्याचाच आणि समोरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालयही, जे तेव्हा अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं.

शाहू महाराजांच्या नावावर घालायला कामं कमी आहेत का? खासबागचं कुस्ती मैदान आहे, राधानगरीचं धरण आहे, वसतिगृहं आहेत, मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा १९०२ चा हुकूम आहे. एवढं असताना दुसऱ्याच्या खात्यातली इमारत ओढून आणायची काय गरज, हे मला आजवर कळलेलं नाही.

कोठीची गोष्ट तर नावातच फसते. ती इमारत सार्वजनिक सभागृह म्हणूनच बांधली. एकदा आत जाऊन मधला उंच, मोकळा दिवाणखाना बघा. राणीवशाला तिथं आडोसा कुठला मिळायचा?

आता मूर्ती. हा दावा मला सगळ्यात जास्त खटकला, कारण खरी हकीकत मेसेजपेक्षा कितीतरी भारी आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, काशाची मूर्ती कुणी पेटीत घालून आणून दिलेली नाही. ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात, पंचगंगेच्या काठावर, मातीखाली सापडली. १९४५-४६ ला तिथं डॉ. सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उत्खननही केलं. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी चालणाऱ्या व्यापारातून असल्या वस्तू घाटावर आल्या. समुद्र इथून घाट उतरून कोसांवर, आणि समुद्राचा देव मात्र पंचगंगेकाठी! मूर्ती वीतभरही नाही. एक हात वर उचललेला आहे, त्यात त्रिशूळ असणार, आता नुसती मूठ उरलीय. लोक मोठा पुतळा असेल म्हणून बागेत शोधतात आणि आतल्या काचेसमोरून तसेच पुढं जातात. मीही पहिल्यांदा तसाच गेलो होतो.

मेसेजात ‘महाराजांच्या काळातलं म्युझियम’ असंही एक वाक्य आहे. म्युझियम सुरू झालं १९४६ ला, ब्रह्मपुरीच्या वस्तू ठेवायच्या निमित्तानं, आणि टाउन हॉलमध्ये आलं ते त्याच्याही नंतर. शाहू महाराज गेले १९२२ ला.

बाग जुनी आहे, झाडं मोठी आहेत, हे मात्र त्यात बरोबर लिहिलंय. त्या झाडांना दिवसा उलटी लटकलेली वटवाघळं आणि खालच्या बाकावर डोक्यावर रुमाल टाकून बसलेले लोक यांचा उल्लेख कुणी केला असता, तर मीच पहिला अंगठा दिला असता.

राहता राहिला मेसेजसोबतचा फोटो. तो न्यू पॅलेसचा आहे, घड्याळाच्या मनोऱ्यासकट.