‘बरं वाटलं, म्हणून थांबवल्या’

नाशिकच्या पंचवटीत माझे औषधांचे दुकान आहे. बावीस वर्षांत काउंटरपलीकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर मी वरचेच सांगेन. ते रक्तदाबाचा रुग्ण म्हणतो, मधुमेहाचा म्हणतो, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकपैकी दोन दिवसांच्या गोळ्या घेऊन उरलेल्या परत करायला आलेला माणूस म्हणतो आणि क्षयरोगाचा रुग्णही म्हणतो. सार्वजनिक आरोग्याविषयी बोलताना आपण संसर्गजन्य आजार आणि जन्मभराचे आजार अशी दोन वेगळी खाती करतो, त्यांचे कार्यक्रम वेगळे, कर्मचारी वेगळे, फलकही वेगळे. काउंटरवर मात्र दोन्ही खात्यांतली माणसे एकाच कारणाने गळताना दिसतात, आणि ती कधी गळली हे पाहण्याची सोय आपल्याकडे फार कमी आहे, हे मला आज सविस्तर लिहायचे आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. अंबडच्या एका कारखान्यात काम करणारे, पंचेचाळिशीचे एक गृहस्थ साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या माझ्याकडून नेत असत. मग दोन-तीन महिने त्यांनी त्या नेल्या नाहीत. त्याऐवजी खोकल्याचे औषध नेऊ लागले. “मागचंच द्या,” एवढेच ते म्हणत आणि मी देत असे. तिसरी बाटली देताना सुटे पैसे काढण्यासाठी त्यांनी शर्ट वर केला, तेव्हा कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेले नवे भोक दिसले, त्याच्या शेजारी आणखी एक. किती दिवस झाले खोकल्याला, असे विचारल्यावर ते म्हणाले, “दीड महिना झाला असेल.” दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या, असा कागद त्या वेळी माझ्याच पाठीमागच्या भिंतीवर चिकटवलेला होता. तीन बाटल्या विकताना मला तो आठवला नव्हता. सरकारी केंद्रात तपासणी झाली, क्षयरोग निघाला आणि साखर तीनशेच्या वर निघाली.

यात योगायोग काही नव्हता. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे माणूस लगेच आजारी पडतोच असे नाही. प्रतिकारशक्ती ठीक असेल तर तो वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. मधुमेह असलेल्यांमध्ये तो डोके वर काढण्याचा धोका दोन ते तीन पट असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की साखरेची गोळी चुकणे हा केवळ त्या माणसाचा खासगी प्रश्न उरत नाही. उलट बाजूही आहे: क्षयावरचे रिफॅम्पिसिन हे औषध साखरेच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते, त्यामुळे उपचार चालू असताना साखरेवर अधिक लक्ष ठेवावे लागते.

दोन महिन्यांनी त्यांच्या पत्नी तापाची गोळी न्यायला आल्या. “आता एकदम ठणठणीत आहेत, भाऊ. वजनही वाढलं. लघवी लाल होत होती, म्हणून गोळ्या बंद केल्या, उगाच मूत्रपिंडाला काही व्हायला नको.” लघवीला केशरी रंग येणे हा रिफॅम्पिसिनचा नेहमीचा आणि निरुपद्रवी परिणाम आहे, हे एक वाक्य पहिल्या दिवशी त्यांना कोणी नीट समजावले असते तर पुढचे टळले असते. नेहमीच्या क्षयावर पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन औषधे दिली जातात. बहुतेक जंतू पहिल्या दोन महिन्यांत मरतात, खोकला जातो, भूक लागते. उरलेल्या चिवट जंतूंसाठी पुढचे चार महिने असतात. नेमके तेव्हाच रुग्णाला औषधाचे कारण उरलेले दिसत नाही. अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय तयार होऊ शकतो आणि तो शेजारच्या माणसालाही होऊ शकतो.

मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, “खरं आहे, पण केंद्रात जायचं म्हणजे हजेरी बुडते. ती कोण भरून देणार?” क्षयरुग्णाला पोषणासाठी मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली आहे आणि ते योग्यच झाले, पण कंत्राटी कामगाराला पैशांइतकीच गरज संध्याकाळी उघड्या असलेल्या खिडकीची आहे. शेवटी वस्तीतल्या आशाताईंना, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या आशा स्वयंसेविकेला, फोन केला. त्या रात्रपाळीपूर्वी त्यांच्या घरी गेल्या, केंद्रात पुन्हा तपासणी करून उपचार सुरू झाला आणि या वेळी पूर्णही झाला. आशाताईंना त्या फेरीचा मोबदला मिळाला का, हे विचारायचे धाडस मला झाले नाही.

१ मार्च २०१४ पासून काही अँटिबायोटिक आणि क्षयरोगावरील अनेक औषधे विकताना रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि औषधाचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपणे आम्हाला बंधनकारक आहे. २०१८ पासून क्षयरुग्णांची माहिती सरकारला कळवण्याची जबाबदारी औषध विक्रेत्यांवरही आली. खरे सांगायचे तर ती वही मी बरीच वर्षे इन्स्पेक्टरसाठी भरत होतो. या प्रसंगानंतर ती वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आले की कोण आले हे तिच्यात दिसते, कोण यायचे थांबले हे शोधावे लागते. आणि रक्तदाब, मधुमेहासाठी तर अशी वहीच नाही. म्हणून शंभर पानी एक साधी वही केली: नाव, फोन, गोळ्या किती दिवसांच्या नेल्या, पुन्हा कधी यायला हवे. तारीख उलटून आठवडा झाला की फोन करायचा. काही जण चिडतात, गिऱ्हाईक टिकवायला फोन करतो असेही म्हणतात, आणि त्यांचा संशय अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही.

शहराबाहेर हाच प्रश्न अधिक अवघड आहे. द्राक्षांच्या छाटणीच्या दिवसांत पेठ, सुरगाणा भागातली कुटुंबे निफाड, दिंडोरीच्या बागांवर कामाला येतात. गावाकडच्या केंद्रात नाव असलेला रुग्ण बागेत मुक्कामाला असतो. निक्षय या संगणकीय नोंदीमुळे त्याचा उपचार दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येतो. पण निघण्याआधी त्याला कोणी तसे सांगितलेले असेल तरच तो तिथे जाईल. बागायतदारांनी मजूर उतरल्यावर “कोणाच्या गोळ्या चालू आहेत का?” एवढे विचारले, तरी बरेच काम होईल.

नाशिकच्या २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याविषयीही मला याच कारणाने काळजी वाटते. पाणी, शौचालये, साथींवर नजर, यांवर बैठका होतात आणि त्या व्हायलाच हव्यात; एवढ्या गर्दीत अतिसाराची साथ परवडणारी नाही. परंतु त्या काळात वस्त्यांमधले आरोग्य कर्मचारी बंदोबस्ताकडे वळवले गेले, तर रोजच्या रुग्णांचे काय होईल? करोनाच्या वेळी याचे उत्तर आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती सुमारे १८ लाखांवर आली. सहा लाख माणसे एका वर्षात बरी झाली नव्हती. त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नव्हते. सिंहस्थाच्या नियोजनात प्रत्येक प्रभागातले किमान काही कर्मचारी या पाठपुराव्यासाठी हात न लावता ठेवावेत आणि तसा लेखी आदेश आधीच निघावा, अशी माझी मागणी आहे. शिवाय येणाऱ्या वृद्ध भाविकांपैकी कित्येक जण गोळ्या घरी विसरून येतील, तेव्हा रामकुंड परिसरातल्या दुकानदारांनी चार दिवसांची पट्टी देताना जुनी चिठ्ठी, निदान तिचा फोनमधला फोटो, पाहण्याची सवय आतापासून लावून घ्यावी.

सातपूर, सिडको, नाशिकरोडकडच्या ज्या दुकानदार मित्रांना वहीचे रकाने हवे असतील, त्यांनी कळवावे. नावे झाकून एका पानाचा फोटो पाठवतो. या महिन्यात माझ्या वहीतली सात नावे अजून यायची आहेत. त्यांतल्या दोघांचे फोन बंद लागतात, त्यांच्याकडे रविवारी दुपारी दुकान बंद केल्यावर जाणार आहे.