‘उमरावांच्या घरात प्रेमविवाह नव्हतेच’: एका लोकप्रिय दाव्याची उलटतपासणी

इंग्लंडच्या रीजन्सी काळातील, म्हणजे १८११ ते १८२० या वर्षांच्या आगेमागे घडणाऱ्या, उमराव घराण्यांवरच्या प्रणयकादंबऱ्यांचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: या कादंबऱ्या म्हणजे शुद्ध थापा आहेत, त्या वर्गात मुलींना पंधराव्या-सोळाव्या वर्षी वडिलांनी ठरवलेल्या म्हाताऱ्या उमरावाच्या गळ्यात बांधत, मुलीच्या पसंतीला किंमत नव्हती, लग्नानंतर बाईच्या नावावर एक पेनीही उरत नसे, आणि उमरावाने खालच्या थरातील स्त्रीशी लग्न करणे किंवा जोडप्याने लग्नासाठी स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना ग्रीनला पळून जाणे हे केवळ लेखिकांच्या कल्पनेतले प्रकार. या कादंबऱ्यांत खोटेपणा पुष्कळ असतो, हे त्या आवडीने वाचणारा वाचक म्हणून मी मान्य करतो. परंतु हा मजकूर तो खोटेपणा नेमका जिथे नाही तिथे दाखवतो.

वयाचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत कच्चा आहे. कायद्याने मुलीचे किमान वय १२ आणि मुलाचे १४ होते आणि ते १९२९पर्यंत तसेच राहिले, हे खरे आहे. पण कायद्याने दिलेली मुभा म्हणजे समाजाचा रिवाज नव्हे. उमराव घराण्यांतील मुली साधारण सतराव्या-अठराव्या वर्षी समाजात वावरू लागत आणि त्यांच्या लग्नाचे सरासरी वय विशीच्या पुढेच होते. जॉर्जियाना स्पेन्सरचे उदाहरण नेहमी दिले जाते. तिचे लग्न १७७४ साली, बरोबर सतराव्या वाढदिवशी, ड्यूक (उमरावांतील सर्वांत वरचा किताब) ऑफ डेव्हनशरशी झाले खरे, पण हा नवरदेव तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता. तो संसार दुःखाचा ठरला त्याची कारणे वेगळी होती. त्यांत नवऱ्याचे म्हातारपण नव्हते.

मुलीच्या संमतीबाबत मजकूरकाराने दोन भिन्न गोष्टींची गल्लत केली आहे. १७५३च्या विवाह कायद्यानुसार एकवीस वर्षांखालील मुला-मुलींना परवाना काढून लग्न करायचे असेल तर वडिलांची संमती लागे, आणि तशी ती नसेल तर लग्नच रद्दबातल ठरे. म्हणजे वडिलांच्या हाती नकाराधिकार होता. पण मुलीच्या संमतीवाचून चर्चमध्ये लग्न लागू शकत नव्हते, त्यामुळे नकाराधिकार तिच्याही हाती होता. घरच्यांचा दबाव, खर्चाची कोंडी, धाकट्या बहिणींची काळजी, हे सारे तिच्या डोक्यावर असे, यात शंका नाही; तरीही ती नाही म्हणू शके आणि म्हणतही असे. अ‍ॅनाबेला मिलबँकने कवी लॉर्ड बायरनला १८१२ साली चक्क नकार दिला होता. पुढे दोन वर्षांनी तिने होकार दिला आणि १८१५च्या जानेवारीत, वयाच्या बाविसाव्या वर्षी, माहेरच्या दिवाणखान्यात विशेष परवान्याने तिचे लग्न लागले. खुद्द राजकन्या शार्लट, जी पुढे सिंहासनावर बसायची होती, तिने नेदरलंड्सच्या ऑरेंज घराण्यातील राजपुत्राशी ठरलेले लग्न १८१४ साली मोडले आणि १८१६ साली स्वतःच्या पसंतीच्या जर्मन राजपुत्र लिओपोल्डशी केले. वारसदार राजकन्येला जे जमले ते एखाद्या बॅरनच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या उमरावाच्या, मुलीला कधीच जमले नसेल, असे मानायला मी तरी तयार नाही.

मालमत्तेचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे आणि तिथे मजकूरकार अर्धा बरोबर आहे. सामान्य कायद्यानुसार लग्न होताच स्त्रीची चीजवस्तू व रोकड नवऱ्याची होई, आणि हा नियम १८७० व १८८२च्या कायद्यांपर्यंत चालत राहिला. पण श्रीमंत घराण्यांनी याच नियमाला वळसा घालण्यासाठी विवाहपूर्व करारनाम्याची व्यवस्था उभी केली होती. मुलगी माहेरून किती रक्कम आणणार, तिला हातखर्चासाठी वर्षाकाठी किती ‘पिन-मनी’ मिळणार, नवरा आधी वारला तर विधवेला किती ‘जॉइंचर’ द्यायचे, धाकट्या मुला-मुलींच्या वाट्याला काय यायचे, हे सारे लग्नाआधी दोन्हीकडचे वकील कलमवार लिहून काढत. हजार पौंड माहेरून आले तर शंभर पौंडांचे वार्षिक जॉइंचर, असा साधारण संकेत होता. शिवाय विश्वस्तांच्या नावे ठेवलेली स्त्रीची स्वतंत्र मालमत्ता चान्सरी (विश्वस्तांच्या व्यवहारांवर देखरेख करणारे) न्यायालय मान्य करी आणि नवऱ्याला तिला हात लावू देत नसे. कादंबरीतील वडील जावयाला अभ्यासिकेत बोलावून तासभर बसवून ठेवतात ते उगाच नाही. तिथे हीच बोलणी चाललेली असतात. त्या वर्गात प्रेम आणि पैसा एकमेकांचे वैरी नव्हते, दोघांची बोलणी एकाच मेजावर होत, आणि चांगली लेखिका हे मेज कधी लपवत नाही.

ती लपवते ते पुढचे. करारनामा फिसकटलेल्या संसाराला पुरत नसे. १८५७पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे. असे तीनशेहून थोडे अधिक कायदे झाले. त्यांत स्त्रीच्या अर्जावरून झालेले केवळ चार, आणि त्यांतला पहिला १८०१ सालचा, तोही नवऱ्याचे संबंध तिच्या सख्ख्या बहिणीशी होते म्हणून. मुलांचा ताबा तर वडिलांकडेच. लेखिका कॅरोलाइन नॉर्टनच्या नवऱ्याने १८३६ साली थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर तिच्याशी संबंध ठेवल्याचा दावा लावला, तो हरला, आणि तरीही मुले त्याच्याकडेच राहिली. तिने लेखणी हाती घेतली आणि १८३९चा बालकांच्या ताब्याचा कायदा झाला, ज्याने सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयात निदान दाद मागता येऊ लागली. कादंबरी चर्चच्या दारातच संपते त्याचे हे एक कारण असावे. टीकाच करायची होती तर इथे करायची होती.

उमराव आणि खालच्या थरातील स्त्री यांचे लग्न अशक्य होते, हा दावा मात्र चार ओळींत निकाली निघतो. अभिनेत्री एलिझाबेथ फॅरनशी डर्बीच्या अर्लने १७९७ साली लग्न केले, तेही पहिली पत्नी वारल्यावर दोन महिन्यांच्या आत. लुइझा ब्रन्टन ही दुसरी अभिनेत्री १८०७ साली क्रेव्हनची काउंटेस (अर्लची पत्नी) झाली. तिसरी, हॅरियट मेलन, आधी सावकार थॉमस कूट्सची पत्नी, मग त्याच्या अफाट संपत्तीची मालकीण आणि १८२७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पंचविशीतल्या ड्यूक ऑफ सेंट ऑल्बन्सची पत्नी झाली. असे कथानक घेऊन गेलात तर संपादक ‘अतिरंजित’ म्हणून परत करील. खरा घोळ ड्यूकांच्या संख्येत आहे. राजघराणे वगळता त्या वेळी ब्रिटन व आयर्लंड मिळून ड्यूक तिसांहून कमी होते आणि त्यांतले बरेच विवाहित वा वयस्क. कादंबऱ्यांत मात्र दर वर्षी तेवढे देखणे, अविवाहित ड्यूक बोहल्यावर चढतात. प्रत्यक्षात एकविसाव्या वर्षी, १८११ साली, गादीवर आलेला सहावा ड्यूक ऑफ डेव्हनशर या साच्यात अगदी चपखल बसला असता, पण तो आजन्म अविवाहित राहिला. आणि या वाड्यांचा पैसा कुठून येई, याबद्दलही कादंबऱ्या गप्प असतात. गुलामगिरी रद्द झाल्यावर गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंड भरपाई देण्यात आली. त्यांतले सव्वीस हजारांहून अधिक एकट्या हेअरवुडच्या अर्लला मिळाले.

राहता राहिले पळून जाणे. १७५३चा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हटले की लग्न झाले, वडिलांची संमती लागत नसे. ग्रेटना ग्रीन हे सीमा ओलांडताच लागणारे गाव. सावकार रॉबर्ट चाइल्डची एकुलती एक मुलगी सेरा १७८२ साली वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर तिथे पळाली. संतापलेल्या बापाने मृत्युपत्रच असे केले की संपत्ती अर्लच्या थोरल्या मुलाकडे न जाता पुढे सेराच्या मुलीकडे आली. ही नात म्हणजेच लेडी जर्झी. कोणाला बोलवावे आणि कोणाला वगळावे हे ठरवणाऱ्या ऑल्मॅक्सच्या नृत्यसभेच्या आश्रयदात्या स्त्रियांपैकी ती एक होती, आणि ज्या मजकुराच्या मते तिच्या नावावर एक पेनीही नसायला हवी होती, ती १८०६पासून १८६७ साली वारेपर्यंत आजोबांच्या पेढीची ज्येष्ठ भागीदार होती. शिष्टाचाराची एवढी मोठी राखणदार, पण तिची स्वतःची मुलगी अ‍ॅडेला १८४५ साली एका लष्करी कॅप्टनबरोबर आजीच्याच वाटेने ग्रेटना ग्रीनला पोहोचली.