आता काय, आरामच ना!

हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, झालाच तर थोडा हेवा असतो. रोजची धावपळ नाही, साहेबाची कटकट नाही, घरी बसून गोळ्या घ्यायच्या. पण आजारपणाने काम सुटलेल्या पुरुषाला हे वाक्य कुठे लागतं, यावर बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पोस्ट लांबणार आहे. घाईत असाल तर पुढे सरका, राग नाही.

मी टर्नर आहे. लेथवर फिरणाऱ्या धातूला टूल लावून हवं ते माप काढायचं, हे माझं काम. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकसुद्धा जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला भाग, रिजेक्ट करायला पुरतो. मुरलेला टर्नर मशीनकडे बघण्याआधी तिचा आवाज ऐकतो. टूलची धार गेली की बऱ्याचदा आवाज आधी बदलतो, माप नंतर बिघडतं. शॉपवरची, म्हणजे कारखान्यात मशीनवर काम करणारी, नवीन पोरं काही अडलं की मला बोलवायची, मी नुसता उभा राहून कान द्यायचो. मग मला आमवात झाला, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. बोटांच्या टोकाकडचे सांधे सहसा वाचतात. मधले सांधे, मुठीचे सांधे आणि मनगट धरलं जातं. बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर फिरवायला नेमके तेच लागतात.

बरं, हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दोन-तीन पट जास्त. त्यामुळे 'हा तर बायकांचा आजार' असंही ऐकून झालंय, तेही शिकलेल्या माणसांकडून. दवाखान्याच्या बाकावर बसलं की फरक डोळ्यांत भरतो. बायका पंधरा मिनिटांत एकमेकींचं सगळं विचारून घेतात: कुणाला कुठली गोळी सोसली नाही, घट्ट बसलेलं झाकण कसं उघडायचं, सकाळी मूठ वळेपर्यंत काय करायचं. आम्ही पुरुष मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. आत गेल्यावर डॉक्टर विचारतात, 'कसं वाटतंय?' पुरुष म्हणतो, 'बरं आहे.' मागून बायको म्हणते, 'अहो, रात्रभर झोप नाही यांना, कुणाशी बोलत नाहीत, जेवण अर्धं टाकतात.' पुरुष तिच्याकडे रागाने बघतो. आमवातात नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि जगभरात आत्महत्येने मरणाऱ्यांमध्ये पुरुष बायकांच्या दुपटीहून जास्त आहेत. त्या खोलीतलं ते 'बरं आहे' मला या आकड्यांच्या शेजारी ठेवून बघावंसं वाटतं. सांध्यांची सूज डॉक्टर दाबून बघतात. ही दुसरी गोष्ट आपण सांगितल्याशिवाय त्यांच्या हाताला लागत नाही.

आता मुद्द्याचं. काम गेलं की पगार जातो, हे सगळ्यांना दिसतं. बाकी काय जातं याचा हिशेब मला सापडला तो जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या एका पाहणीत. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएनथाल नावाचं गाव होतं. तिथला कापडाचा कारखाना बंद पडला आणि जवळपास अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिचे सहकारी यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला, आणि 1933 मध्ये त्यांनी आपली पाहणी छापली. त्यांनी काय काय मोजलं बघा: रस्त्यावरून लोक किती वेगाने चालतात, वाटेत किती वेळा थांबतात. पुरुष हळू चालत, उगाच थांबत. बायका भराभर चालत, कारण घरचं काम त्यांना सुटलंच नव्हतं. बहुतेक पुरुषांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. दिवसभर काय केलं असं विचारलं तर त्यांना धड आठवत नसे. हाताशी वेळच वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं!

पुढे याहोडाने लिहिलं की पगाराशिवाय नोकरी पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, आपल्यापेक्षा मोठ्या कशात तरी वाटा, ओळख, आणि हातापायांना नेमाने काम. मारीएनथालची माणसं आजारी नव्हती, नुसती बेकार होती. त्यात रोजचं दुखणं मिळवा. पूर्वी माझ्या आठवड्याला आकार साप्ताहिक सुट्टीमुळे यायचा. आता मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तर तो गोळीचा वार आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची मळमळ, हे माझं कॅलेंडर.

आणि रिकामा पुरुष घरात काय करतो? इन्स्पेक्शन! मी घरात क्वालिटी कंट्रोल सुरू केलं होतं. दिवा कुणी चालू ठेवला, नळ नीट बंद का नाही, भांडी अशी का रचली. ज्या घरात माझ्याशिवाय सगळं सुरळीत चालत होतं, तिथे मी रोज नवीन दोष काढत होतो. मुलगी एकदा म्हणाली, 'बाबा, तुम्ही आम्हाला गेज लावताय.' गेज म्हणजे जॉब मापात आहे का ते तपासायचं साधन. हसण्यावारी गेलं, पण ओळखीतल्या अशा बहुतेक पुरुषांची कथा हीच. कुणाचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला बांधलेला, कुणाला पार्किन्सन्स. सगळे घरात साहेब झालेत. हाताखाली माणसं नाहीत, म्हणून बायको-पोरं.

मायकेल बरी नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आमवाताच्याच रुग्णांशी बोलून 1982 मध्ये लिहिलं की दीर्घ आजार आयुष्याची कथाच मधे तोडतो. आधीचं आणि पुढचं जुळत नाही. मला ते पटतं. पण त्यावर आमच्या डोक्यात जी 'पॉझिटिव्ह राहा' छापाची औषधं ओतली जातात, ती पटत नाहीत. व्हीलचेअरवरून डोंगर चढलेल्या माणसाचा व्हिडिओ मला पाठवू नका. त्याला सलाम आहे. मला डोंगर चढायचा नाहीये, मला जॉब काढायचाय.

कंपनीने हलकं काम दिलं होतं, हे सांगायला हवं. हलकं म्हणजे काय, तर स्टोअरमध्ये एक खुर्ची आणि एक रजिस्टर, ज्यात आधीच दुसरा माणूस नोंदी करत होता. दिवसभर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची कीव झेलायची. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा आहे. नोकरीत असताना ज्यांना अपंगत्व येतं त्यांचाही त्यात उल्लेख आहे, आणि कामात योग्य ते बदल करून द्यायचं म्हटलंय. माझ्यासाठी बदल म्हणजे काय हवं होतं? सकाळी दोन तास उशिरा यायची मुभा आणि हाताऐवजी डोक्याचं काम. तीस माणसांच्या शॉपमध्ये ड्रॉइंग वाचून प्रोसेस ठरवणारा माणूस लागत नाही, असं मला कुणी पटवून दाखवावं. त्यांना माझ्यावर उपकार करायचा होता, माझा उपयोग करून घ्यायचा नव्हता. मी ती खुर्ची सोडली. घरच्यांना तो निर्णय आवडला नाही, आणि पैशाच्या बाजूने बघितलं तर त्यांचंच बरोबर होतं.

सध्या एका छोट्या वर्कशॉपची ड्रॉइंग्ज माझ्याकडे येतात. मालक माझ्याच हाताखाली शिकलेला. जॉब किती सेटिंगमध्ये होईल, कुठलं टूल, किती मिनिटं लागतील, हे मी लिहून देतो, आणि त्यावर तो गिऱ्हाइकाला भाव सांगतो. सुरुवातीला म्हणाला, 'काका, तुमचा वेळ जाईल तेवढाच.' मी म्हटलं, वेळ घालवायला मला काम नको. दर ठरव, आणि दुखणं उसळलं की दोन दिवस जास्त लागतील हेही आत्ताच धरून ठेव. रक्कम मोठी नाही. घर त्यावर चालत नाही, बायकोच्या पगारावर चालतं, आणि हे असं चारचौघांत लिहायलाही मला वेळ लागला.

परवा एका ड्रॉइंगचं काम द्यायला उशीर झाला तर पठ्ठ्या फोनवर चक्क ओरडला. पार्टी समोर बसलीय, तुम्ही फोन उचलत नाही, मी काय सांगू त्यांना? आजारी पडल्यापासून माझ्यावर असं कुणी ओरडलं नव्हतं. सगळे कसे हळू आवाजात बोलतात. मीही त्याला दोन शब्द सुनावले, की टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, न लिहिता ड्रॉइंग पाठवतोस आणि वर तोंड करतोस. रात्री काम पाठवून दिलं. त्यात बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, मापाची एक शंका अजून बाकी आहे, त्याला फोन लावायचाय. कमेंट्स उद्या वाचेन.