झाकण लावून वायू बनवू नका, मुलांनो

सुट्टी लागली आणि घरच्या घरी सोडा बनवायच्या रील्स पुन्हा फिरू लागल्या. बाटलीत पाणी, त्यात लिंबूफूल, वरून खाण्याचा सोडा आणि झाकण गच्च. नाशिकच्या इंदिरानगरला आमच्या इमारतीच्या गच्चीवर परवा हेच झालं. झाकण उडून टाकीवर आदळलं. सुदैवाने कुणाला लागलं नाही, पण बाटलीवर वाकून बघणारा मुलगा आठवीतला आहे.

मी रसायनशास्त्र शिकवते. मुलांनी प्रयोग करावेत असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितेय. माझा विरोध फक्त एका गोष्टीला आहे: बंद बाटलीच्या आत वायू तयार करायला.

सोडा मशीनमध्ये कार्बन डायऑक्साइड बाहेरून येतो. किती दाबाने सोडायचा हे रेग्युलेटर ठरवतो, दाब वाढला तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. कुकरलाही शिट्टी असते, बाटलीला काय आहे? खाण्याचा सोडा आणि लिंबूफुलाचं आम्ल पाण्यात एकत्र आले की हाच वायू बनतो, आणि ते संपेपर्यंत निघतच राहतो. ८४ ग्रॅम खाण्याच्या सोड्याला पुरेसं आम्ल मिळालं तर जवळपास २४ लिटर वायू होतो. एक लिटर पाणी छान फसफसायला तीन-चार लिटर पुष्कळ झाला. चमच्याचा अंदाज चुकला की उरलेला वायू जाणार कुठे?

त्यात आपला एप्रिल-मे. शून्य अंशाला एक लिटर पाण्यात, वातावरणाच्या दाबाला, साधारण १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. २५ अंशाला त्याच्या निम्म्याहूनही कमी. तापलेल्या गच्चीवर तो पाण्यात आणखी कमी राहतो, बाकीचा झाकणाखाली साठतो. काचेची बाटली असेल तर नुसतं झाकण उडून भागत नाही, काच फुटते.

ज्यांचा हा धंदा आहे ते किती जपतात बघा. गोटी सोड्याची बाटली केवढ्या जाड काचेची असते. आपल्या जिल्ह्यात स्पार्कलिंग वाइन बनते, तिच्या बाटलीत वातावरणाच्या पाच-सहापट दाब असतो. म्हणून काच जड आणि बुचावर तारेची जाळी.

आणखी एक कानावर आलं, त्याची जास्त धास्ती वाटते. अंबड-सातपूरच्या वेल्डिंगवाल्यांकडून सिलिंडर आणून थेट बाटलीला नळी जोडायची म्हणे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये ३० अंशाला वातावरणाच्या सुमारे सत्तरपट दाब असतो. शिवाय तो वायू खाण्यापिण्याच्या दर्जाचा असेलच असं नाही. बंद खोलीत गळला तर जड असल्यामुळे खाली साचतो, आणि माणूस गुदमरतो. हे कृपा करून कुणीही करू नका.

घरात अशी फुगून टणक झालेली बाटली दिसली तर उचलू नका, झाकणाला हात लावू नका. सगळ्यांना तिथून लांब न्या आणि १०१ ला फोन करा.

आमच्या इमारतीतल्या मुलांना रविवारी सकाळी खाली बोलावलंय. तोच सोडा, तेच लिंबूफूल, पण बाटलीच्या तोंडावर झाकणाऐवजी फुगा. चमच्याच्या मापाने फुगा किती फुगतो ते मोजू आणि वहीत गणित मांडू. शेजारच्या इमारतींतल्या मुलांनाही जरूर पाठवा, चष्मे मी आणते.